रिबकाआजीची मूठ

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! सांगलीला महापूर आला तेव्हा मी किराणा दुकानातून वाहत निघालो, तो प्रवाहाच्या उलटा पोहत, कऱ्हाडचा पूल मागे टाकून थेट कोरेगावच्या शिवारात लागलो. वाटेत एक कोंबडी माझ्यात येऊन बसली. तिनं अंडंसुद्धा दिलं.

हसा, हसा. पण रविवारच्या शाळेत बसलात म्हणजे ऐकावं तर लागणारच.

या छोट्या ख्रिस्तमंदिरात मला आणलं रिबकाआजीनं. राखेनं घासून तिनं मला लख्ख केलं, दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि बायकांना बजावलं, "रविवारी येताना घरातल्या धान्याची एक मूठ आणायची. मूठ झाकून आणायची, हात डब्यात घालूनच उघडायची. कुणी किती टाकलं ते कुणी बघायचं न्हाई."

"आन ज्याला लागंल त्यानं घ्यायचं कवा?" शेजारच्या मार्थानं विचारलं. ही मार्था तोंडानं फटकळ, मनानं मऊ.

"शेवटच्या प्रार्थनेला. समद्यांचं डोळं मिटल्यालं असत्यात. गुमान उठायचं, पिशवी भरायची, जाग्यावर जाऊन बसायचं. आवं पाळकसाहेब, तुमी तेवढी प्रार्थना जरा लांबवा की!"

"एरवी लांबली म्हणून तूच खोकतेस ना, आजी?" पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळी मंडळी हसली.

तेव्हापासून माझं पोट रविवारी भरायचं आणि आमेनच्या आत रितं व्हायचं. कुणाचं काम सुटलेलं, कुणाचा नवरा दवाखान्यात. आमेन झालं की घेणारा आणि देणारा सारखेच दिसायचे. इतक्या वर्षांत एकानंही डोळा किलकिला केला नाही. मला असा काही गर्व चढला म्हणता! वेदीवरचा चांदीचा प्याला माझा हेवा करायचा. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा.

मग यंदाचा उपासकाळ आला, ईस्टरआधीचे चाळीस दिवस.

रिबकाआजी माझ्यावर वाकून देवाशी पुटपुटायची, म्हणून मला सगळं ठाऊक. "अंगठा झिजला रं देवा. रेशनचं यंत्र म्हणतं, मी मीच न्हाई." पुण्याच्या लेकाचा फोन बंद पडलेला. घरातली ज्वारी संपलेली. पण हे तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

तिची मूठ हलकी होत गेली. आधी ज्वारी, मग कण्या. आणि एका रविवारी ती मूठ तशीच घट्ट मिटून आत आली, उघडली, आणि काहीच पडलं नाही.

काहीच नाही, मित्रांनो. ती सावकाश, मानानं जागेवर जाऊन बसली.

"आजी, लय वाळलीस गं," मार्था म्हणाली.

"उपासकाळ हाय न्हवं? धरलाय कडक."

मार्थाचं समाधान झालं. पाळकसाहेबांनी तर व्यासपीठावरून सांगितलं, "उपास कसा धरावा, हे रिबकाबाईंकडून शिका." सगळ्यांनी कौतुकानं माना वळवल्या. आजी खाली बघत राहिली. बोलता मला येतं, पण प्रार्थनेत बोलू नये असं तिनंच मला शिकवलं होतं.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार उजाडला. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले आणि आजी उठली. भिंतीला धरून माझ्यापाशी आली. तिचा हात आत आला आणि धान्यावर टेकून राहिला. बोटं नुसती काड्या. ती हळूहळू मिटली, मूठ भरली. घे, मी मनात म्हणालो, घे गं, पिशवीभर घे.

"न्हाई," ती पुटपुटली. "आपण देणारी मान्सं." आणि तिनं मूठ सोडली.

आता मी काय केलं असेल? मी उडी मारली! स्टुलावरून धाडदिशी खाली! धान्य पार वेदीपर्यंत गेलं. आमेनच्या आधीच सगळ्यांचे डोळे उघडले, आणि त्यांना आजी दिसली. खरीखुरी दिसली. मार्था पळत जाऊन गरम आंबील घेऊन आली. पाळकसाहेबांनी आपल्या हातानं पाजली. पुढच्या, पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, आजी पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या वर सूर लावून गात होती! म्हणून सांगतो, मित्रांनो, डोळे मिटण्याआधी एकदा शेजारच्या माणसाकडं नीट बघत जा, म्हणजे...

"खोटं!"

मार्थाची मुलगी, सुवार्ता, उभी राहिली होती. बाकीची मुलं वळून तिच्याकडं बघायला लागली.

"तू जाग्यावरनं हललाच न्हाईस. आमेन झालं, आन आजी घरला गेली. ती कुटली गातीय? ईस्टरच्या आदल्या दिवशी आमी तिला पुरली. माझी आई अजून रोज एक भाकरी जादा थापती."