मोर्शीच्या शेषरावची पोरगी

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत रागिणी मागच्या सीटवर, लहानग्या आचलला मांडीवर घेऊन बसली होती. बडनेरा मागे पडलं तशी तिची नजर पुढे खिळली. कॉलेजातली एक मुलगी खिडकीला चिकटत चालली होती, आणि शेजारचा माणूस जागा असूनही तिच्या अंगावर सरकत होता. मुलीने मध्ये बॅग ठेवली. त्याने हसत ती बाजूला केली.

ओरडावं तर तो अंगावर यायचा, कडेवर लेकरू. गप्प तर बसवेना.

ती आचलला कडेवर घेऊन, दांड्याला धरून पुढे गेली. त्या माणसाकडे तिने पाहिलंच नाही.

"अवं, तू मोर्शीच्या शेषरावची पोरगी न? केवढी झाली!"

मुलगी गोंधळली. मग हळूच म्हणाली, "हो, काकू."

"मंग इथं काहून बसली? मागं चाल. आचलले घे जराशीक, माये हात दुखून राहिले."

माणसाने पाय आडवे टाकले. "बसू द्या न तिले. मी का खाऊन राहिलो?"

तेवढ्यात पुढच्या सीटवरची म्हातारी वळली. वऱ्हाडात गावाचं नाव काढलं की नातं निघेस्तोवर कोणी सोडत नाही, हे रागिणी विसरलीच होती.

"मोर्शीचे कोन्ते शेषराव व? मी मोर्शीचीच हाओ."

शेषराव तर रागिणीने आत्ताच मनाने उभा केला होता.

"संत्र्याच्या बगीच्यावाले असतीन," पलीकडून कोणी म्हणालं.

"नाई जी, त्याईले तं दोन्ही पोरंच, पोरगी नाई!" म्हातारी म्हणाली.

सगळी गाडी आता त्याच सीटकडे बघत होती. माणसाने पाय आत ओढले. म्हातारीने मुलीचे भरलेले डोळे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिलं.

"हो वं, आठवलं. शेषरावचीच हाय. जाय माय, मागं जाय."

मागे आल्यावर मुलगी आचलला घट्ट धरून बसली. नाव प्रियदर्शनी, कॉलेजातून घरी निघालेली.

"कंडक्टरले सांगाचं का?" रागिणीने विचारलं. "तू म्हनशील तसं."

तिने आचलला रागिणीकडे परत दिलं. मग म्हणाली, "सांगतो मी. तुमी फक्त संग उभ्या राहा."

रागिणी आचलला घेऊन उठली.

प्रियदर्शनीने कंडक्टरला सगळं सांगितलं. अडखळली, पण सांगितलं. तो माणूस लगेच ओरडला, "खोटं बोलून राहिली ते! कोनं पाह्यलं?"

"म्या पाह्यलं," रागिणी म्हणाली.