जावयाने आणलेली वाइन

नगरच्या सावेडीचे शामकांत मास्तर म्हणजे शब्दांच्या कुळांचे वेडे. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, तरी स्वस्थता म्हणून नाही. परवा वाचनालयातल्या व्याख्यानासाठी परक्या शब्दांची टिपणं काढताना वाइनसाठीचा नॉर्वेचा 'वीन' त्यांच्यासमोर आला आणि पेन हातातच राहिलं.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, सगळ्यांचा वीनच. आइसलँडचाही वीन, फिनलंडचा वीनी. मूळ रोमन लोकांचा वीनुम. त्या थंडीत द्राक्षं कुठली पिकायला! व्यापाऱ्यांनी पिंपं नेली, त्यांच्याबरोबर नावही गेलं.

अरे देवा, हेच तर लार्स सांगत होता!

लार्स म्हणजे लेक मधुवंतीचा नॉर्वेजियन नवरा. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा नगरला आला, तो नेमका सत्यनारायणाच्या दिवशी. कुणाकडे जेवायला जाताना वाइनची बाटली न्यायची, ही त्याच्याकडची रीत. बिचाऱ्याने सासऱ्यासाठी उंची वाइन आणली होती. बूट बाहेर काढून, दोन्ही हातांनी बाटली पुढे करून तो पाठ केलेल्या मराठीत म्हणाला, "बाबा, आमच्या देशात द्राक्ष नाही. हा शब्द..."

पुढचं ऐकतंय कोण! "हे घर आहे, दारूचा गुत्ता नाही!" भटजींच्या देखत मास्तर कडाडले आणि बाटली मोरीत रिकामी करून आले. मधुवंती रडली. दुसऱ्या दिवशी दोघं गेली, ती परत फिरकली नाहीत.

ज्याच्याशी तासन्‌तास शब्दांवर बोलता आलं असतं, त्यालाच आपण उंबऱ्यावर झिडकारलं! मास्तर टिपणं तशीच टाकून बायकोकडे, इंदूताईंकडे गेले.

"अगं, माझं चुकलं. लार्सला फोन लाव."

"सहा वर्षं लागली होय कळायला?" इंदूताई म्हणाल्या, पण लावला.

"लार्स, मी मूर्खासारखा वागलो रे. नातीला घेऊन दिवाळीला या सगळे."

लार्सचं मराठी आता चांगलंच सुधारलं होतं. "राग नाही, बाबा. मधू आणि छोटी येतील. पण मला तुमच्याकडे रिकाम्या हातांनी यायला जमणार नाही, आणि काय आणलेलं चालेल ते अजून कळत नाही."

"काहीही आण. नाहीतर नुसता ये!"

"नको, बाबा," तो अगदी नम्रपणे म्हणाला.

मास्तरांनी फोन खाली ठेवला. इंदूताईंचा चेहरा खुलला होता.

"येताहेत ना? मग पाडव्याला पाच पानं मांडायची!"

"चार," मास्तर म्हणाले.