उज्ज्वलाचा जाळपट्टा

“आग झोडपा! खालच्या अंगानं झोडपा!” निरगुडीचा डहाळा आपटत उज्ज्वला ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला कळून चुकलं, की आग आता आपल्या हातात राहिलेली नाही.

डिंभे धरणाच्या वरच्या वाडीत ती अंगणवाडीची मदतनीस. पण खिचडीपेक्षा तिचा जीव डोंगरात जास्त. डोंगर पेटवला की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं, हा वाडीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. पावसानं ताळतंत्र सोडलं, वाडीचा झरा माघातच आटायला लागला, तेव्हा उज्ज्वलानं बायका गोळा करून उतारावर सहाशे रोपं लावली. हिरडा, जांभूळ, उंबर. वणवा आत शिरू नये म्हणून दर हिवाळ्यात भोवतीचं गवत आपणच पट्ट्यानं जाळून टाकायचं, हा जाळपट्टा. तो गवतावर दहिवर आहे तोवरच उरकायचा. गवत ओलसर असलं की आग शहाण्यासारखी वागते.

हे तिनंच सगळ्यांना शिकवलेलं, आणि आज तिनंच मोडलं. जुन्नरच्या कॉलेजातली मुलं बघायला येणार होती आणि एसटी नेहमीसारखी बेपत्ता. “आक्का, दहिवर गेलं, आता नगं,” असं रोपं लावणाऱ्या बायकांतली भागू दोनदा म्हणाली. “थांब गं, पावणं लांबून येत्यात,” म्हणत उज्ज्वला नवी साडी सावरत बसली. मुलं आली, मोबाइल निघाले, उज्ज्वलानं काडी ओढली. आणि वारा फिरला.

दुपारी आग विझली तेव्हा निम्म्या उताराचा कोळसा झाला होता. उज्ज्वला तिथेच बसून रडली. मग उठली आणि उरलेली रोपं मोजली.

संध्याकाळी पारावर वाडी जमली. “वाऱ्याचा काय भरवसा,” भागू सारवासारव करायला लागली.

“वाऱ्याला बोल लावू नगंस,” उज्ज्वला म्हणाली. “मला मिरवायचं व्हतं. माझ्या हातनं जळालं. रोपं परत लावू, पन ठराव मलाबी लागू.”

ठराव सगळ्यांना पाठ होता. ज्याच्या हातून डोंगर जळेल, त्यानं पाऊस पडेपर्यंत रोज चार हंडे पाणी धरणातून वर रोपांना न्यायचं. दोन वर्षांपूर्वी सत्तरीच्या चिमाजीबाबांनी गवतासाठी चोरून डोंगर पेटवला, तेव्हा “वयाकडं बघ” म्हणणाऱ्यांना तिनं गप्प केलं होतं. म्हातारा उन्हाळाभर चढला-उतरला आणि तेव्हापासून तिच्याशी बोलायचा बंद झाला.

सकाळी ती धरणाच्या काठावर गेली, तर चिमाजीबाबा हंडा भरत होते. ही हसायला आली स्वारी, असंच तिला वाटलं.

“बाबा, शिक्षा माझी हाय.”

“मग ने की तुझं चार हंडं. मी कुठं आडवा आलोय?” म्हाताऱ्यानं हंडा खांद्यावर घेतला. “वरच्या कडंची नव्वद झाडं मी जगवल्यात. ती माझी हायत. किती ऱ्हायली?”

उज्ज्वलाला आकडा ठाऊक होता.

“अकरा, बाबा.”

चिमाजीबाबांनी खांद्यावरचा हंडा नीट केला.

“चल मग,” ते म्हणाले, “ऊन व्हतंय.” आणि चढणीला लागले. उज्ज्वलानं आपला हंडा डोक्यावर घेतला आणि ती त्यांच्या मागून निघाली.