नमुन्याचा हात

"आपल्याला काय करायचंय, वरून सांगितलंय." आपल्यापैकी बहुतेकांच्या नोकरीत हे वाक्य कुठेतरी भिंतीला टेकून उभे असते. पाठ दुखू लागली की आपण त्याला टेकतो. त्या सकाळी साडेसात वाजता मेकअपच्या खोलीत मास्तरांनी ते तीनदा मनाशी म्हटले आणि चहाचा कप तसाच बाजूला ठेवला.

मास्तर म्हणजे रंगभूषाकार. सव्वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे चेहरे रंगवले होते. तरुणांना म्हातारे केले, म्हाताऱ्यांना तरुण केले, एकदा तर एका लठ्ठ नटाला क्षयरोगी करून दाखवले. मुख्य रंगभूषाकार म्हणून पडद्यावर त्यांचे नाव मात्र या चित्रपटात प्रथमच येणार होते. घरी पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते.

आरशासमोर दोन जागा होत्या. उंच खुर्चीवर नायिका डोळे मिटून बसली होती. गोरीपान, नितळ, पोस्टरवर शोभणारी. तिच्या शेजारी बुटक्या स्टुलावर एक मुलगी बसली होती. तिला सगळे खारुताई म्हणत, कारण खांब असो की शिडी, ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वर पोहोचलेली असे. नायिकेच्या वाट्याची साहसदृश्ये करणारी ती बदली कलावंत होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत उघडा करून, पांढऱ्या नॅपकिनवर, दिव्यांच्या झोतात ठेवला होता. शिंप्याच्या टेबलावर कापडाचा तुकडा असावा तसा.

तो हात नमुना होता. मास्तर त्याच्याकडे बघत, काचेच्या पट्टीवर तपकिरी, काळा आणि थोडा तांबडा रंग घोटत, जुळला की स्पंजाने तो नायिकेच्या गालावर चढवत.

"अगं, हात हलवू नकोस ना, त्यांना दिसत नाही," नायिका एक डोळा उघडून म्हणाली.

"मॅडम, हाताला मुंग्या आल्यात. मुंग्या पण काळ्याच आहेत, जुळतील."

केसांचे टोप बसवणाऱ्या मावशी खुदकन हसल्या. मास्तर हसले नाहीत.

चित्रपट 'तारवाली'चा होता. गेली तीस वर्षे मुले ते चित्रकथेचे पुस्तक वाचत होती. तारवाली ही बंदरातली पोर. ज्यांच्या पणजोबांना जहाजांत कोंबून मजुरीसाठी आणले, त्या काळ्या माणसांच्या वस्तीतली. कुरळ्या केसांचे टोपले, रुंद नाक, कोळशासारखा चमकता रंग. विजेच्या तारांवरून ती चालते आणि शहर झोपले की अडल्यानडल्यांच्या मदतीला धावते. आता तिची भूमिका करायला निवडली होती ही गोरी नायिका, आणि रंग तेवढा डबीतून यायचा होता.

खारुताई त्याच बंदरातली होती. मुख्य भूमिकेसाठी तिनेही चाचणी दिली होती. दिग्दर्शकांनी काम बघून टाळ्या वाजवल्या होत्या आणि म्हटले होते, "कमाल केलीस पोरी! पण हा चेहरा पोस्टरवर चालायचा नाही." मग तिला उड्या मारायला ठेवून घेतले. चेहरा चालत नव्हता. पाय, पाठ आणि नमुन्याचा हात चालत होता!

संध्याकाळी घरी मास्तरांनी ताट पुढे सारले. त्यांच्या पत्नी एका शाळेत ग्रंथपाल होत्या. आवाज चढवायचा नाही, ही त्यांची वाचनालयातली सवय घरीही सुटली नव्हती.

"अहो, जेवणावर कशाला राग काढताय?"

"राग नाही गं. नुसती शिसारी येते. रोज त्या मुलीचा हात समोर ठेवायचा आणि त्याची नक्कल दुसरीच्या तोंडाला फासायची."

"मग नका फासू."

"असं कसं? अभिनय म्हणजे सोंगच ना? राजाचं काम करायला राजा आणतो का आपण?"

"सोंग सगळ्यांना सगळ्यांचं घेता आलं असतं, तर मी तोंडातून चकार शब्द काढला नसता. पण बंदरातल्या मुलीला कधी राणी केलेली बघितलीत? झाडू मारणारी, चोराची बायको, नाहीतर मागे गर्दीत उभी. आणि एक सांगा, मागच्या वर्षी 'टपालवीर'च्या वेळी काय झालं होतं?"

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. टपालवीर हा दुसऱ्या एका चित्रकथेचा गोरा नायक. त्याच्यावरच्या चित्रपटात बंदरातल्या एका नटाला घेतले, तेव्हा गावभर बोंब उठली होती. 'मूळ पात्राशी प्रतारणा' अशा मथळ्याचे पत्रक निघाले होते. त्या नटाच्या घरावर कुणी काय काय फेकले, ते इथे लिहायलाही लाज वाटते. त्या पत्रकावर मास्तरांनी सही केली होती.

"मूळ ते मूळ, असं तुम्हीच म्हणाला होतात," पत्नी म्हणाल्या. "आता कुठे गेली ती मूळवाली मंडळी? यंदा एकही पत्रक नाही निघालं. त्यांना चित्रकथेचं प्रेम नव्हतंच हो. गोऱ्याची जागा काळ्याला मिळाली, हे खुपत होतं."

"म्हणजे टपालवीर बदलला तर चालतो आणि तारवाली बदलली तर नाही? हा कुठला न्याय?"

"टपालवीर गोरा का होता, सांगा बघू. काढणाऱ्याला दुसरं काही सुचलंच नाही म्हणून. त्याच्या गोरेपणावाचून गोष्टीतलं एक पान अडत नाही. तारवालीला पहिल्याच पानावर वीजकंपनीतला साहेब तोंडावर सांगतो, तुझ्या रंगाची माणसं आम्ही खांबावर चढवत नाही. म्हणून ती चढते! तो रंग काढला तर गोष्ट उरली कुठे? आणि हिशोब साधा आहे. गोऱ्यांकडे शंभर नायक. एक दुसऱ्याकडे गेला तर नव्याण्णव उरतात. ह्यांच्याकडे एकच आहे. तो उचलून नेला तर काय उरतं?"

मास्तर ताटाची कड बोटाने पुसू लागले.

"आमच्याकडे पहिलीतली एक मुलगी येते," पत्नी हळू आवाजात म्हणाल्या. "पुस्तक घरी नेत नाही. रोज मधल्या सुट्टीत येते, मुखपृष्ठावरच्या तारवालीच्या हाताशेजारी आपला हात ठेवते, जुळला की हसते आणि डबा खायला जाते. तुम्ही केलेली तारवाली तिनं पडद्यावर बघितली, की ती कुणाच्या हाताशी हात लावून बघेल?"

मास्तरांना ते पटले. तरीही दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कामावर गेले. सव्वीस वर्षांनी मिळणारे नाव सोडवत नव्हते. आपणही असेच करतो. पटते ते घरी आणि करतो ते कामावर!

नवव्या दिवशी उडीचे दृश्य होते. बंदरातल्या माल उचलणाऱ्या उंच यारीवरून तारवाली साठ फूट खाली झेप घेते, हा चित्रपटाचा कळसाचा प्रसंग. खारुताईने दीड महिना त्याचा सराव केला होता. कमरेला पट्टा बांधून ती मेकअपच्या तंबूत आली आणि सवयीने स्टुलावर बसली. तेवढ्यात दिग्दर्शक आत शिरले. हातात आदल्या दिवशीची छायाचित्रे होती.

"मास्तर, घोटाळा झालाय. मॅडमचा रंग पडद्यावर काजळी फासल्यासारखा दिसतोय, आणि कॉलरला लागतोय तो वेगळाच. निर्मात्यांनी सांगितलंय, दोन छटा उजळ करा. आजपासून मॅडम उजळ."

"बरं."

"आणि हिलाही दोन छटा उजळ करा. हात आणि मान. लांबून दोघी जुळल्या पाहिजेत."

मास्तरांना वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "हिला? हिला रंग लावायचा?"

"मग? ही अशी काळीकुट्ट उडी मारणार आणि खाली उतरल्यावर मॅडम फिकट? लोक हसतील हो."

"साहेब, तारवालीसारखी दिसते म्हणून हिला घेतली. हिचा हात बघून मी मॅडमना रंगवलं. आता मॅडमना बघून हिला रंगवू?"

"फाटे नका फोडू, मास्तर. उजेड चाललाय."

मास्तरांनी स्पंज ओला केला. बोटांना सवय होती, मनाला विचारायची त्यांना गरज नव्हती. उजळ रंगाची डबी उघडली आणि ते वळले. खारुताईने स्वतःच बाही वर सारली होती. कुणी न सांगता तिने हात नॅपकिनवर ठेवला होता, तळवा खाली, बोटे किंचित पसरलेली. नऊ दिवसांत तिलाही सवय झाली होती!

तेवढ्यात डबीतला तो गोडसर वास मास्तरांच्या नाकात शिरला. सव्वीस वर्षे त्यांना तो घरच्या वासासारखा वाटत आला होता. आज त्यांनी डबी नाकापासून दूर धरली. शी! कसला हा धंदा! आधी माणसाचे कातडे उसने घ्यायचे, आणि उसने कातडे नीट बसले नाही, तर मूळ माणसालाच खरवडायचे! आणि हे करणारे हात दिग्दर्शकाचे नव्हते, निर्मात्याचे नव्हते. हात त्यांचे स्वतःचे होते. त्या पत्रकावर सही केली होती, तेच.

"लावा, मास्तर," खारुताई हळूच म्हणाली. "उगाच तुमची नोकरी जायची. तोंड त्यांचं असू दे. उडी तरी माझी असेल ना?"

"नाही, पोरी," मास्तर म्हणाले. "हा रंग लावला की उडीही त्यांचीच."

मास्तरांनी स्पंज टेबलावर ठेवला.

"साहेब, हे मी करणार नाही."

"काय?"

"हिला रंग लावणार नाही. मॅडमनाही नाही. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती."

"नाव जाईल तुमचं!" दिग्दर्शक ओरडले. "डबीतला रंग चोपडायला काय पदवी लागते? हे बघा!" त्यांनी डबीत दोन बोटे बुडवली आणि खारुताईच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एक पट्टा ओढला.

त्या तुकतुकीत काळ्या हातावर तो फिकट पट्टा घाण सांडल्यासारखा दिसत होता. टोपवाल्या मावशींनी मान फिरवली. कोपऱ्यात बसलेली नायिका आरशातून हे सगळे बघत होती. ती एकदम म्हणाली, "मग हिलाच का नाही घेतलं?"

प्रश्न इतका साधा होता, की दिग्दर्शकांनी हातातली छायाचित्रे उलटीसुलटी केली. "मॅडम, तुम्ही आराम करा," ते शेवटी म्हणाले. नायिकेने आणखी काही विचारले नाही. प्रश्न विचारून थांबणारी माणसेही आपल्यात पुष्कळ आहेत.

खारुताई उठली. नॅपकिनने तिने हात पुसला, सावकाश, कोपरापासून मनगटापर्यंत.

"साहेब, उडी मी मारते. आत्ता मारते. पण ह्या अंगानं."

"रंगाशिवाय उडी नाही."

"मग ह्या अंगाशिवायच घ्या तुमची उडी." तिने कमरेचा पट्टा सोडला, टेबलावर ठेवला आणि ती बाहेर पडली. मास्तर तिच्या मागून निघाले.

दोघे फाटकापर्यंत आले. तिथे तिचा बांध फुटला. रस्त्याकडे पाठ करून ती रडली, मग नाक पुसून म्हणाली, "दीड महिना, मास्तर! गुडघे फुटेस्तोवर!"

"मला माहीत आहे. तुझ्या चाचणीच्या दिवशी मी तिथंच होतो. तुझ्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतं. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं." तिने त्यांना माफ केले नाही, आणि मास्तरांनीही माफीची अपेक्षा केली नाही.

चित्रपट पूर्ण झाला. दुसऱ्याच कुणी रंग लावला, उडी संगणकावर मारली गेली, मुख्य रंगभूषाकार म्हणून तिसऱ्याचेच नाव झळकले. मास्तरांना आठ महिने कुणी मोठ्या कामाला बोलावले नाही. खारुताई आता व्यायामशाळेत मुलींना शिकवते आणि चाचण्या देत राहते.

त्यानंतर रंगभूषाकारांच्या संघटनेच्या सभेत मास्तर उभे राहिले. प्रथम त्यांनी त्या जुन्या पत्रकावरच्या आपल्या सहीची कबुली दिली आणि त्या नटाची जाहीर क्षमा मागितली. मग ठराव मांडला: एका वंशाच्या माणसाला दुसऱ्या वंशाचे भासवण्यासाठी आपल्यापैकी कुणीही रंग लावणार नाही.

"मास्तर, पोटावर पाय द्यायला निघालात का?" मागून कुणीतरी विचारले.

"आपलं पोट दुसऱ्याच्या कातड्यावर भरतंय, एवढंच सांगायला उभा आहे," मास्तर म्हणाले.

साठांपैकी चौदा हात वर झाले. ठराव पडला. मास्तरांनी पुढच्या सभेसाठी तो तिथल्या तिथे पुन्हा लिहून दिला, आणि त्याखाली या वेळी चौदा सह्या होत्या.

नागरिकहो, चित्रकथेतले पात्र पडद्यावर येताना त्याचा रंग बदलला, की आपण हमरीतुमरीवर येतो. भांडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारू या: या बदलाने कुणाला दार उघडले, आणि कुणाचे होते ते एकुलते दार बंद झाले? ज्यांनी शंभर खुर्च्या अडवून ठेवल्या आहेत, त्यांनी एक सोडली तर तो अन्याय नव्हे. ज्याच्याकडे एकच स्टूल आहे, त्याच्या खालून तेही ओढणे, याला कला म्हणू नये. आणि ते ओढताना आपला हात लागत असेल, तर "वरून सांगितलंय" एवढे म्हणून तो हात स्वच्छ होत नाही!