चोवीस सूर आणि एक दात

मित्रांनो, मी पितळेचा आहे. मला दात नाहीत, जबडा नाही, हिरड्याही नाहीत. तरी मी, एक जुना बिगूल, तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे ती दाताचीच आहे. बिगूल म्हटला की तो हळू बोलणार नाही. माझं बोलणं कुणाला टोचलं तर टोचू दे.

माझा जन्म अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा गुंडाळून माझी नळी केली, तिच्यात गरम डांबर ओतलं आणि मग मला वाकवलं. डांबर नसतं तर वाकताना मी चेपलो असतो. पुढे काही वर्षं एका छावणीत जवानांना पहाटे उठवायचं काम केलं आणि रोज शिव्या खाल्ल्या. छावणी बंद पडली तेव्हा मी ओहायोतल्या एका लहान गावात, माजी सैनिकांच्या सभागृहात येऊन पडलो. तिथे मला वेंडेल कोवाच भेटला.

वेंडेल काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. तरुणपणी दोन वर्षं सैन्यात त्याने बिगूलच वाजवला होता. आमच्याकडे माजी सैनिक वारला की दफनाच्या वेळी चोवीस सुरांची एक धून वाजते. वाजवणारा कबरीपासून तीस पावलं लांब, एकटा उभा राहतो. धून संपली की दोन जवान शवपेटीवरच्या झेंड्याची तिकोनी घडी घालतात आणि ती विधवेच्या हातात देतात. वेंडेलने हे काम तेहतीस वर्षं केलं. त्याबद्दल त्याने एक पैसा घेतला नाही. हिवाळ्यात माझी फुंकायची वाटी तो काखेत धरून गरम करायचा. "गार पितळ ओठाला चिकटतं," तो म्हणायचा, "आणि मेलेल्या माणसासमोर चुकायचं नसतं. तो परत ऐकायला येत नाही."

लोक माझ्या आवाजाची फार तारीफ करायचे. मीही फुशारून जायचो. खरं तर तारीफ वेंडेलच्या पुढच्या दातांची व्हायला हवी होती. बिगूल वाजवताना ओठ वाटीवर दाबला जातो आणि त्या ओठाला मागून दातांचाच टेकू असतो.

मग वाजवणारे कमी झाले आणि सभागृहात एक बटणाचा बिगूल आला. दिसायला हुबेहूब माझ्यासारखा, पण घशात स्पीकर. बटण दाबायचं, तोंडाला लावायचं आणि फुंकल्याचं सोंग आणायचं. सभागृहाची किल्ली मर्ल डेकरकडे असायची. तो वेंडेलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने ते यंत्र मोठ्या कौतुकाने दाखवलं.

"मर्ल, मी आहे तोवर हे डबडं कपाटातच राहील," वेंडेल म्हणाला.

"राहू दे की! पण तू गेल्यावर तुझ्यासाठी कोण वाजवणार, लेका? मीच बटण दाबणार."

दोघं पोट धरून हसले. मीही तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

वेंडेल सहासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला. तोवर कारखान्याचा विमा त्याच्या दातांचा खर्च द्यायचा, तो त्या दिवशी संपला. मी तेव्हापासून त्याच्या स्वयंपाकघरात, मागच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेला होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानावर पडलं. त्याची बायको डोरीन शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करून निवृत्त झालेली. एका सकाळी ती टपालातून आलेली पाकिटं घेऊन टेबलाशी बसली.

"दातांचा वेगळा विमा घेऊ या, वेंडेल. माणशी महिन्याला चाळीस डॉलर."

"अगं, सरकारी विमा आहे ना आता! पासष्टी ओलांडली की सगळं त्यात येतं."

"सगळं नाही येत. हृदय येतं, गुडघा येतो. दात येत नाहीत. हे बघ, लिहिलंय."

"का? दात काय अंगाबाहेर असतात?"

"ते मला काय विचारतोस? मी का लिहिलंय ते?"

"आणि ही चाळीसवाली मंडळी देणार किती? वर्षाला दीड हजार, बस! त्यापेक्षा दोघांचे ते ऐंशी आपण कॉफीच्या डब्यात टाकू. माझे दात घोड्याचे आहेत. मोडलाच एखादा तर डबा फोडू."

हिशेब चुकीचा नव्हता, मित्रांनो. शहाणी माणसंही असं ठरवतात आणि त्यांचं निभतं. डोरीन दर महिन्याला डब्यात पैसे टाकत गेली. दोन-अडीच वर्षं दात धड होते आणि डबा भरत होता.

मग एका जानेवारीत वेंडेलचा वरचा दात ठणकायला लागला. अगदी समोरच्याच्या शेजारचा. डोरीनने त्याला दंतवैद्याकडे ओढत नेलं. घरी आल्यावर दोघं आकड्यावरच बोलत राहिले. मुळाचे उपचार आणि वर टोपी, मिळून दोन हजार तीनशे डॉलर. डब्यात जवळजवळ तेवढेच होते. फोडायचा ना मग डबा? नाही! एवढा आकडा ऐकून दोघंही घाबरली. आता हे एका दाताचं, उद्या दुसऱ्याचं काय? डोरीनने त्याच आठवड्यात दोघांचा विमा उतरवला. एक मार्चपासून तो सुरू झाला.

त्या विम्याची एक अट होती. दात साफ करणं, तपासणं लगेच. मोठं काम मात्र बारा महिन्यांनंतर. त्यानंतर निम्मा खर्च कंपनी देणार.

"म्हणजे वर्षभर थांबलो तर साडेअकराशे वाचतात," वेंडेल म्हणाला.

"पण तो डॉक्टर म्हणाला ना, मुळाशी पू आहे, हा थांबण्यातला दात नाही म्हणून?"

"त्याच्या गोळ्यांनी ठणका गेलाय माझा. बघ, सफरचंद खातोय."

ठणका खरोखरच गेला होता. मग डोरीननेच पुढच्या वर्षीच्या एक मार्चला सकाळी नऊची वेळ घेऊन ठेवली. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर वेंडेल रोज एक दिवस लाल पेन्सिलीने खोडायला लागला.

मला सांगा, विमा नसता तर तो थांबला असता का? चार शिव्या घालून त्याने डबा फोडलाच असता. विमा घेतला आणि दुखणं अंगावर काढलं! मी खिळ्यावर लटकलेला असायचो. ओरडायला मला दुसऱ्याचा श्वास लागतो, नाहीतर तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं असतं.

उन्हाळ्यात ठणका परत आला. तो मिठाच्या पाण्याने चुळा भरायचा, लवंग धरायचा, मला तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात लावून वाजवायचा. डोरीनही त्या दिवसांत टोस्ट कॉफीत बुडवून खायला लागली. मला वाटलं, तिला तसा आवडत असेल.

नोव्हेंबरात त्याच्या भट्टीवरच्या एका सोबत्याचं दफन होतं. पाऊस बारीक पडत होता. धुनेतला सगळ्यात वरचा सूर आला, आणि माझ्यातून सूर निघालाच नाही. निघाली ती फाटकी, कुत्र्यासारखी किंकाळी. वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, दुःखाने. ते दाताच्या कळेने होतं. त्याने उरलेले सूर कसेबसे पूर्ण केले आणि विधवेसमोर टोपी काढून उभा राहिला. "मला माफ कर," एवढंच म्हणाला. माझी मान शरमेने खाली गेली.

मर्ल त्याला गाडीशी गाठून म्हणाला, "हट्ट सोड रे. दात काढून टाक."

"समोरचा दात काढला तर वाजवू कसा? तीन महिने राहिलेत. दात वाचवूनच वाजवणार."

घरी डोरीनने त्याच्या गालाला बर्फ लावला. "आठ महिने काढलेस, आणखी तीन-साडेतीन काढ," ती म्हणाली. हे वाक्य तिने नंतर किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल, ते फक्त मला माहीत आहे.

जानेवारीच्या शेवटी त्याचा चेहरा डोळ्यापर्यंत सुजला. ताप चढला, तो असंबद्ध बोलायला लागला, आणि डोरीनने रुग्णवाहिका बोलावली. दाताचं विष रक्तात उतरलं होतं. नऊ दिवस तो यंत्रांवर होता. दाताला हात न लावणाऱ्या सरकारी विम्याने रुग्णवाहिकेचे, खाटेचे, यंत्रांचे पैसे मात्र बहुतेक सगळे भरले. दहाव्या दिवशी वेंडेल गेला. कॅलेंडरवर एक मार्चला अजून चोवीस दिवस होते.

दफनाला डोरीनने मला मांडीवर घेतलं होतं. तीस पावलांवर मर्ल उभा राहिला आणि त्याने बटण दाबलं. चोवीसच्या चोवीस सूर लख्ख वाजले. एकही फाटला नाही. मर्ल गाल फुगवायचं सोंग आणत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला त्या डबड्याचा राग आला नाही. मी फक्त गार पडलो होतो, कारण मला काखेत धरायला कुणी नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस फोन वाजला. दंतवैद्याच्या दवाखान्यातली मुलगी होती. डोरीन फोनचा आवाज मोठा ठेवते, म्हणून मला ऐकू आलं. "मिस्टर कोवाच यांची एक मार्चला नऊची वेळ आहे. लक्षात आहे ना?"

वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

"त्यांना येता येणार नाही," डोरीन म्हणाली. फोन कानाशी धरूनच ती फ्रिजवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. पलीकडची मुलगी हॅलो, हॅलो करत राहिली. शेवटी डोरीन म्हणाली, "त्यांच्या जागी मी येऊ का? माझीही डावी दाढ दुखतेय. जुलैपासून."

जुलैपासून! आणि मी समजत होतो, तिला टोस्ट तसा आवडतो. त्याच टेबलाशी दोघं रोज समोरासमोर बसायचे आणि दोघंही एकाच तारखेची वाट पाहायचे.

मित्रांनो, निवृत्तीनंतर दातांचा वेगळा विमा घ्यावा की डब्यात पैसे टाकावेत, ते तुमच्या घरच्या मोठ्यांनी बसून ठरवावं. दोन्हीत खोट नाही. पण दुखणाऱ्या दाताला कॅलेंडर वाचता येत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगा. मी अजून त्याच खिळ्यावर आहे, हिरवा पडत चाललोय. मला घासायला कुणी आलं नाही तरी चालेल. तुम्ही मात्र आज घरी गेलात की तुमच्या आजीसमोर बसा, आणि ती टोस्ट बुडवून का खाते, एवढं तिला विचारा.