शेवटच्या शिट्टीनंतर

आमच्या ह्यांचं खरं काम शेवटच्या शिट्टीनंतर सुरू होतं. शाळांच्या फुटबॉल सामन्यांना हे पंच असतात. इतर पंच शिट्टी फुंकली की बॅग उचलून चहाकडे पळतात. हे मात्र शिट्टी तोंडात तशीच धरून मध्यरेषेवर उभे. दोन्ही संघ रांगेनं हात मिळवतात, आणि शेवटची जोडी मोकळी होईपर्यंत ह्यांचा पाय हलत नाही. "मैदान सोडेपर्यंत मी पंच आहे," म्हणतात. मी पहिल्या ओळीत मांडीवर थर्मास घेऊन बसलेली. चहा कोमट होवो नाहीतर गार, ह्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

उपांत्य सामन्याला नेमलेले पंच आयत्या वेळी आजारी पडले आणि ह्यांना बोलावणं आलं. खेळणाऱ्या एका संघात माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा होता. चेंडू घेऊन तो असा गरगर फिरतो की शाळेत आणि घरात सगळे त्याला भिंगरीच म्हणतात. ह्यांनी दोन्ही शाळांच्या सरांना नातं आधीच सांगून टाकलं. दोघंही म्हणाले, तरी तुम्हीच हवेत.

भिंगरीला चेंडूला पाय लावायला ह्यांनीच शिकवलं होतं. त्याचे वडील गेले तेव्हा तो एवढासा होता. धाकटी दिवसभर लाँड्रीत इस्त्री करते, बोटांना कायम चटके. अंतिम सामना बघायला क्रीडा वसतिगृहासाठी मुलं निवडणारी माणसं येणार होती. त्यांच्या नजरेत पोरगा भरला की त्याचं शिक्षण, खाणं, राहणं, सगळा घोर मिटला असता. धाकटी त्या एका सामन्याकडे डोळे लावून बसली होती.

उपांत्य सामना भिंगरीच्या संघानं जिंकला. पण त्याची पेनल्टी समोरच्या गोलकीपरनं अडवली होती आणि स्टँडमध्ये हशा पिकला होता. ते त्याला लागलं. हात मिळवताना गोलकीपर हातमोजे काढतो, तशी रीतच आहे. तो काटकुळा, लाजरा मुलगा मोजे काखेत दाबून उघडा हात पुढे करत आला. भिंगरी आपल्या तळव्यावर थुंकला आणि त्याच हातानं त्यानं गोलकीपरचा हात घट्ट धरला.

गोलकीपरनं तळवा पाहिला, चड्डीला पुसला. पुढच्या मुलाला हात द्यावा की नाही, हेच त्याला कळेना.

आमच्या ह्यांनी शिट्टी वाजवली. सामना संपल्यावर शिट्टी! निघालेली माणसं वळून पाहू लागली. ह्यांनी खिशातून लाल कार्ड काढून भिंगरीसमोर धरलं. लाल कार्ड म्हणजे पुढचा सामना बंद, आणि पुढचा सामना अंतिमच होता.

"काका?" भिंगरी म्हणाला. एवढंच.

संध्याकाळी धाकटी आली. चप्पलही न काढता दारातच उभी राहिली.

"भावजी, घरी आणून कान पिळला असता, तर मी काही म्हटलं असतं का?"

"घरी केलं असतं तर पिळलाच असता," हे म्हणाले. "मैदानावर मी त्याचा काका नव्हतो."

"मग त्याचं कोण होतं तिथं?"

ह्यांनी कोपऱ्यातले बूट पुढ्यात ओढले. ती माझ्याकडे वळली.

"ताई, त्याच्या शाळेचे सर स्पर्धेच्या समितीकडे जाताहेत. दुसऱ्या कोणी पाहिलं नसेल तर कार्ड मागे घेतील म्हणे. तू पुढेच बसली होतीस, तुलाच विचारतील. दिसलं नाही म्हण. बाकी काही नको बोलूस."

हे खाली मान घालून बुटाचा चिखल काढत बसले. मला त्यांचा असा संताप आला! हो म्हण, नको म्हण, काहीतरी तोंडातून काढायचं की. पण नाही. सगळं माझ्या गळ्यात.

"मला दिसलं गं," मी म्हणाले. "त्या पोरानं हात पुसला, तेसुद्धा दिसलं."

धाकटी म्हणाली, "स्वतःचं असतं तर दिसलं नसतं तुला."

आम्हाला मूल नाही. इतक्या वर्षांत हे माझ्या तोंडावर कोणी बोललं नव्हतं. बोलली ती, जिला मी कडेवर घेऊन वाढवलं. ती गेल्यावर मी किती तरी वेळ दार लावलंच नाही. वाटलं, परत येईल. समितीनं विचारलं तेव्हा दिसलं ते सांगितलं, आणि कार्ड कायम राहिलं.

अंतिम सामन्याच्या आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता, त्या गोलकीपरच्या संघाचा. पंच आमचे हेच. धाकटी आणि साध्या कपड्यातला भिंगरी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. सामना संपला. हे शिट्टी तोंडात धरून मध्यरेषेवर उभे राहिले. रांग सुरू झाली.

गोलकीपरनं हातमोजे काढले नव्हते. मान खाली घालून, मोज्यातलाच हात एकेकाला देत तो सरकत होता. मोजे काढायलाच हवेत असं नियमात कुठं लिहिलंय? ह्यांनी ते पाहिलं. शिट्टी फुंकण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात भिंगरी उठला. धाकटीनं त्याची बाही धरली, ती सोडवून तो पायऱ्या उतरला आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. गोलकीपर समोर आल्यावर त्यानं तळवा शर्टाला पुसला, पुन्हा पुसला, मग हात पुढे केला.

"चुकलं माझं," म्हणाला.

"ठीक आहे," गोलकीपर म्हणाला. त्यानं मोज्यातला हात दिला, भिंगरीचा हात नीट हलवला आणि निघून गेला. भिंगरी आपल्या तळव्याकडे बघत तिथंच उभा राहिला. ह्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि त्याच्या दिशेनं पाऊल टाकलं, पण तो पाठ फिरवून आईकडे चालू लागला.

मी धाकटीकडे पाहिलं. तिनंही ते सगळं पाहिलं होतं. ती रडत होती. माझ्यानं राहवेना. थर्मास उचलला आणि ओळीतून वाट काढत तिच्याकडे निघाले. तिनं मला येताना पाहिलं, डोळे पुसले, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली.