अराक्नी गुडघे टेकत नाही

हॅस्कोमसाहेबांनी मला चित्रासाठी बोलावलं ते माझ्या हातांकडे बघून. आम्ही लंडनमधल्या बेथनल ग्रीनचे रेशीम विणणारे. मी सात वर्षांची असल्यापासून मागावर. त्यांना ग्रीक पुराणातली विणकरीण रंगवायची होती, अराक्नी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला गुडघ्यांवर बसवलं, मान खाली. समोर शिरस्त्राण घातलेला लाकडी पुतळा, म्हणजे अथीना देवी. पाय बधिर झाले तेव्हा मी विचारलं, "साहेब, हिनं केलं तरी काय?"

"देवीशी विणण्याची पैज लावली."

"आणि हरली?"

त्यांचा ब्रश थांबला. "नाही. देवीला हिच्या कापडात एकही खोट सापडली नाही. मग चिडून तिनं कापड फाडलं, धोटा हिच्या कपाळात हाणला आणि हिचा कोळी करून टाकला."

"म्हणजे काम हिचं चांगलं, आणि गुडघेही हिनंच टेकायचे?"

"उद्धटपणाची शिक्षा, ज्युडिथ. चित्राचा अर्थच तो. बस खाली."

"चांगलं विणल्याबद्दल माफी मागायची रीत आमच्या गल्लीत नाही," मी म्हटलं आणि शाल उचलून निघाले.

त्यांनी दुसऱ्या मुली बसवून बघितल्या. धोटा एकीलाही धरता येईना. लाटणं धरावं तसा धरायच्या. शेवटी साहेब स्वतःच आमचे तीन जिने चढून आले. मी हात थांबवला नाही. ते बराच वेळ बघत राहिले.

"उभी राहशील?"

"राहीन. पण मान वर."

चित्रात माझ्या मुठीत फाटकं कापड आहे, कपाळावर रक्त, आणि नजर थेट देवीच्या तोंडावर. देवीचे डोळे मात्र साहेबांनी आपणहून खाली झुकवले.

हे चित्र ज्यांनी काढायला सांगितलं होतं ते गिरणीमालक क्रॅडॉक ते बघून लालबुंद झाले. "माझ्या गिरणीत चारशे बाया आहेत, हॅस्कोम! त्यांनी हे शिकायचं? घाला हिची मान खाली."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी म्हणाले, "मान आहे तशीच राहील."

"मग चित्रही इथंच राहील."

वसंतातल्या प्रदर्शनात तिथल्या मांडणाऱ्यांनी ते दाराच्या वर, पार छताशी टांगलं. मी बहिणीला, एस्थरला घेऊन गेले. शेजारचा एक गृहस्थ मान उंचावून पुटपुटला, "काय मगरूर पोरगी!"

"मीच ती," मी म्हटलं.

तो टोपी सावरत पुढं सटकला. एस्थरनं माझी बाही ओढली. "अगं, हळू बोल ना! लोक बघतायत."

"बघू देत," म्हणत मी मखमली बाकावर चढले आणि स्वतःला नीट बघून घेतलं.